वांग जात नाही? व्हिटॅमिन सी लावताना या चुका टाळा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या औषधाच्या दुकानात हा संवाद सतत होतो. "दादा, आठवडा झाला सीरम लावून, डाग तसाच आहे." आठवड्यात काहीच होणार नाही. त्वचेतलं टायरोसिनेज हे एन्झाइम टायरोसिनपासून डोपा आणि मग डोपाक्विनोन बनवतं, त्यातून पुढे मेलॅनिन, म्हणजे त्वचेचा रंग, तयार होतं. व्हिटॅमिन सी डोपाक्विनोनला पुन्हा डोपाकडे ढकलतं, म्हणून नवा रंग बनायला ब्रेक लागतो. आधी साठलेला रंग ते पुसत नाही. दोन-तीन महिने धीर नसेल तर बाटली घेऊ नका, असं मी तोंडावर सांगतो.

सगळ्यात जास्त चीड येते ती खराब झालेलं सीरम वापरण्याची. कोलशेतच्या एका ताईंनी बाटली बाथरूममध्ये गीझरजवळ ठेवली होती. माझ्याकडे आणली तेव्हा आतला रंग कोऱ्या चहासारखा. हवा, उजेड आणि उष्णतेने व्हिटॅमिन सी ऑक्सिडाइझ झालं की ते मेलॅनिनच्या वाटेत काहीच अडवू शकत नाही. ताईंना फरक दिसेना, म्हणून त्या दिवसातून दोनदा, भरपूर लावू लागल्या. ही सीरम आम्लधर्मी असतात. गाल लाल झाले, सोलले, आणि लाली ओसरली तिथे आधी नव्हते असे तपकिरी डाग उमटले. आपल्या सावळ्या त्वचेत जळजळ झाली की मागे रंग राहतोच. मी सीरम बंद करायला लावलं आणि त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. "एवढी महाग बाटली टाकवत नव्हती हो," त्या म्हणाल्या. टाका. मी सगळ्यांना लहान, गडद काचेची बाटलीच देतो, तिच्यावर चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख लिहितो आणि फ्रिजच्या दारात ठेवायला सांगतो. फिकट पिवळ्याच्या पुढे रंग गेला की कचऱ्यात.

लिंबू चेहऱ्यावर चोळू नका. त्यातल्या फ्युरोकुमरिन नावाच्या द्रव्यावर ऊन पडलं की फोड येतात आणि काळे पट्टे राहतात.

सनस्क्रीनशिवाय सीरम म्हणजे पैसे वाया. वांग असेल तर साधं सनस्क्रीनही अपुरं पडतं, कारण डोळ्यांना दिसणारा प्रकाशही रंग वाढवतो. आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगीत सनस्क्रीन घ्या. घोडबंदर रोडला स्कूटरवर जाणाऱ्यांनी वर ओढणीही बांधावी.

मैत्रिणीने सांगितलेली 'गोरं करणारी' ट्यूब मागू नका. अशा कित्येक ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोनसोबत स्टिरॉइड असतं. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, आणि ट्यूब बंद केली की चेहरा भडकतो. चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही, मग गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

ग्लुटाथायोनची सलाइन गोरेपणासाठी अजिबात घेऊ नका.

आणि सीरम, रेटिनॉल (व्हिटॅमिन ए), त्वचा सोलणारं पील हे सगळं एकाच आठवड्यात सुरू करू नका. एक वस्तू घ्या, आधी कानामागे लावून दोन-तीन दिवस बघा, मग एक दिवसाआड सकाळी, चार थेंब.