१/२५ स्केलच्या ४२६ हेमीचं वायरिंग: जाड वायर आणि तडकलेला डिस्ट्रिब्युटर

४२६ हेमी म्हणजे क्रायस्लरचं आठ सिलिंडरचं इंजिन. त्याच्या १/२५ आकाराच्या प्लास्टिक मॉडेलवर स्पार्क प्लगच्या वायरी बसवण्याची ही गोष्ट. खऱ्या इंजिनावरची प्लग वायर ७-८ मिमी जाड. २५ ने भागली की ०.३ मिमी. मी आधी ०.५ मिमीची वापरली होती. म्हणजे खऱ्या गाडीत साडेबारा मिमी! भोकं मोठी पाडावी लागली आणि डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला वीज वाटणारा भाग) तडकला.

नवा डिस्ट्रिब्युटर ३ मिमी स्टायरीन (प्लास्टिक) रॉडचा केला. कडेने ८ भोकं, मध्ये कॉइलकडून वीज आणणाऱ्या वायरसाठी १, सगळी ०.३५ मिमी. आधी सुईने खूण करायची, नाहीतर ड्रिल घसरतं. पिन व्हाइस (हाताने फिरवायचं छोटं ड्रिल) सावकाश फिरवा. मोटर ड्रिलने प्लास्टिक वितळतं.

वायर म्हणून मोटर वाइंडिंगची ०.२८ मिमी तार. वळण टिकतं. रंग मात्र वाकवून झाल्यावरच द्या, आधी दिला तर पापुद्रे निघतात.

हेमीचे प्लग व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या झाकणांच्या) मधोमध असतात, म्हणून प्रत्येक कव्हरवर चार भोकं. सिलिंडरचे नंबर: ड्रायव्हरकडे (अमेरिकी गाडीत डावीकडे) १-३-५-७, पलीकडे २-४-६-८. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२; डिस्ट्रिब्युटरभोवती वायरी याच क्रमाने येतात.

चकचकीत क्रोम भागांजवळ सुपरग्लू नको, वाफेने पांढरी झाक येते. तिथे फेव्हिकॉलचा ठिपका पुरतो.