विरोधकाला आपलंसं करायचंय? समेट करताना या चुका टाळा

कोल्हापुरात ईर्षेला कुणी वाईट म्हणत नाही. पेठेपेठेची, तालमीतालमीची ईर्षा नसती, तर शाहू स्टेडियमवर फुटबॉलला एवढी गर्दी झाली नसती. अडचण येते ती ईर्षेचं वैर झालं की. बांध, पाण्याची पाळी, सोसायटीच्या निवडणुकीतलं पॅनेल, दुकानासमोरची जागा, कारण कुठलंही असो, दोन माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात आणि दोघांचीही कामं वर्षानुवर्षं अडून राहतात. मिटवावं असं बहुतेकांना वाटत असतं. तरी पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच बोलणी फिसकटतात, कारण समोरच्यानं आधी हार कबूल करावी ही अट कुणाच्या मनातून जात नाही.

आधी माफी, मग बोलणी

सगळ्यात जास्त समेट या चुकीनं मोडतात. ‘त्यानं चारचौघांत चूक कबूल करावी, मग बघू’ असं म्हटलं की समोरच्याला दोनच वाटा उरतात, नाक घासायचं किंवा भांडत राहायचं. कोल्हापूरचा माणूस दुसरी वाट धरतो, हे वेगळं सांगायला नको.

या मातीतलं सगळ्यात मोठं भाऊबंदकीचं भांडण कसं मिटलं ते आठवा. 1707 साली संभाजी महाराजांचे पुत्र शाहू छत्रपती मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठ्यांच्या राज्यात वारशाचा तंटा उभा राहिला. पुढं साताऱ्याला शाहू छत्रपती आणि कोल्हापूरच्या गादीवर राजाराम महाराजांचे पुत्र संभाजीराजे, असे दोघे चुलतभाऊ समोरासमोर आले. 1730 साली वारणेकाठच्या लढाईत कोल्हापूरकरांचा मोड झाला. संभाजीराजे पन्हाळ्याकडे निघून गेले. ताराबाई, संभाजीराजांच्या आई राजसबाई आणि त्यांच्या राणी जिजाबाई साताऱ्याच्या फौजेच्या हाती लागल्या.

शाहूंच्या हातात तेव्हा सगळं होतं. राण्यांना ओलीस ठेवून हव्या त्या अटी लादता आल्या असत्या. त्यांनी जिजाबाईंना सन्मानानं परत पाठवलं. नंतर 1731 च्या सुरुवातीला कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोघा भावांची भेट झाली, थोरल्यानं धाकट्याला मानानं वागवलं आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे राहिला. आजही कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीवर बराचसा भाग वारणाच वाहते.

यातला क्रम बघा. आधी मान, मग भेट, मग अटी. आपण नेमकं उलटं करतो. तुमची बाजू वरचढ असेल, कोर्टाचा निकाल तुमच्या बाजूनं लागला असेल, निवडणूक तुम्ही जिंकली असेल, तर पहिला फोन तुम्हीच करायचा. हरलेल्यानं केला तर लोक त्याला शरणागती म्हणतात, म्हणून तो करत नाही.

मोठ्या मुद्द्यालाच आधी हात घालणं

करवीर तालुक्यातल्या एका गावातली गोष्ट. दोन चुलतभाऊ, शेजारी शेजारी ऊस. थोरला म्हणायचा, धाकट्यानं बांध कोरला. धाकटा म्हणायचा, बांध होता तिथंच आहे. रागाच्या भरात थोरल्यानं धाकट्याची ट्रॅक्टरची वाट अडवली. कारखान्याची तोड आली, टोळी येऊन परत गेली. उसाला तुरे आले. तुरा आलेला ऊस उभा राहिला की वजन घटतं, हे तिथल्या पोरालाही कळतं.

गावच्या पाच माणसांची बैठक बसली ती थेट बांधावर. दोन तास जुनी उणीदुणी निघाली आणि सगळे उठून गेले. मग दोघांची आत्ती माहेरी आली. ती बांधाचं काहीच बोलली नाही. थोरल्याला एवढंच म्हणाली, “आण्णा, त्याचा ऊस वाळाय लागलाय. आधी वाट दे. बांधाचं मागनं बघू. मोजणी काय पळून जातीया व्हय?”

वाट मिळाली, ऊस गेला. आठवडाभरानं धाकट्यानं आपल्या विहिरीवरनं थोरल्याला एक पाळी जास्त दिली, कुणी न सांगता. बांधाचा वाद तेव्हाही होताच, पण आता दोघं एका जागी बसू शकत होते. मोजणीचा अर्ज त्यांनी दोघांच्या सह्यांनी केला आणि फी निम्मी-निम्मी भरली. ही निम्म्या फीची गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकट्यानं मोजणी आणली की दुसरा म्हणतो, ‘मोजणीदार त्यानं फिरवला.’ दोघांचे पैसे लागले की ती तक्रार उरत नाही.

तुमच्या वादातही अशी एखादी तातडीची, लहान अडचण असते. ती आधी सोडवा आणि बदल्यात काही मागू नका. बदल्यात मागितलं की तो सौदा होतो आणि सौद्यात माणूस पुन्हा सावध होतो.

तोंडदेखली स्तुती

‘साहेब, तुमच्यासारखा माणूस नाही’ असं म्हणून वैरी मित्र होत नाही. कालपर्यंत शिव्या घालणारा आज हार घेऊन आला तर समोरचा पहिल्यांदा विचारतो, याला हवंय काय?

कौटिल्यानं अर्थशास्त्रात सामाचे, म्हणजे गोडीनं आपलंसं करण्याचे, पाच प्रकार सांगितले आहेत, आणि तेही राजाची पत्रं कशी लिहावीत त्या प्रकरणात. समोरच्याचे गुण बोलून दाखवणं, त्याच्याशी असलेलं नातं सांगणं, एकमेकांचा फायदा दाखवणं, पुढं काय साधेल ते दाखवणं, आणि शेवटी ‘मी आणि तुम्ही वेगळे नाही, माझं ते तुमच्या कामाला वापरा’ असं स्वतःला पुढं करणं. आपण बहुतेक पहिल्यावरच थांबतो. गुण सांगायचेच असतील तर नेमके सांगा. ‘महापुरात तुम्ही आमच्या गल्लीतली जनावरं बाहेर काढलीत, ते मी विसरलो नाही’ यात खोटं काही नाही, म्हणून ते पोचतं. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं अशीही माणसं एका नावेत बसली होती. ते दिवस आठवून दिलेत, तर नात्याचा आणि फायद्याचा मुद्दा वेगळा मांडायची गरजही पडत नाही.

चुकीचा मध्यस्थ

भांडण चालू राहिलं तर ज्याचा फायदा आहे, त्याला मध्यस्थ करू नका. गावात असा एक तरी असतो. सकाळी इकडं चहा, संध्याकाळी तिकडं चहा, आणि दोन्हीकडं काड्या. वारणेच्या तहातही एकाकडून दूर केलेल्या माणसांना दुसऱ्यानं चाकरीत घेऊ नये असं कलम होतं. त्या काळातही लावालावी करणाऱ्यांचा त्रास एवढा होता की तो तहात लिहावा लागला.

मध्यस्थ असा हवा की ज्याला दोन्ही घरी जेवायला बोलावतात आणि ज्याला निकालातून काही मिळणार नाही. आत्ती, मामा, जुने मास्तर, तालमीतले वस्ताद. वस्तादाचा शब्द तालमीत मोडत नाहीत आणि त्याला निवडणूकही लढवायची नसते.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर समेट

करू नका. गल्लीच्या किंवा मंडळाच्या ग्रुपवर ‘झालं गेलं विसरून जाऊ’ असं टाकलं की खाली कुणीतरी जुना फोटो टाकतं आणि सगळं मुसळ केरात जातं. समोरासमोर बसा, तेही शक्यतो त्याच्या घरी. तो तुमच्याकडं आला तर तो वाकला असं लोक म्हणतील, आणि ते त्याच्या कानावर जाईल.

मोघम शेवट

‘मिटलं’ म्हणून चहा प्यायचा आणि उठायचं, ही सवय महागात पडते. महिन्याभरात दोघं वेगळंच सांगायला लागतात. काय ठरलं ते कागदावर घ्या. पाण्याची पाळी कुठल्या वारी, वाट किती फूट, खर्च कुणाचा. आधीच दावा चालू असेल तर वकिलांमार्फत तडजोड पुरसिस, म्हणजे काय ठरलं त्याचं दोघांच्या सह्यांचं लेखी निवेदन, कोर्टात दाखल करा, नाहीतर प्रकरण लोकअदालतीत न्या. लोकअदालतीतल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नसतं आणि भरलेलं कोर्ट शुल्क परत मिळतं. दावा दाखल होण्याआधीचे वादही तिथं घेतात. कसबा बावड्यात जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं चौकशी करता येते.

जिथं समेट करायचाच नाही तिथं करणं

काही ठिकाणी मात्र समेटासाठी दबाव आणणं हाच अन्याय होतो. घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘जुळवून घे’ म्हणणारी पाच माणसं मध्यस्थ नसतात. तिच्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, तातडीला 112 आहे. जातीवरून अपमान आणि मारहाण झालेल्या माणसाला गावाच्या इभ्रतीसाठी तक्रार मागं घ्यायला लावणंही तसंच. आधी तो माणूस सुरक्षित आहे का, आणि नको म्हणायची मोकळीक त्याला खरोखर आहे का, ते बघा. ती नसेल तर बैठक बोलावू नका, त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात जा.