ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारसाठी रानातलं कॉटेज कसं निवडावं

पोळा आणि पाऊस झाला भोळा, असं आपल्याकडे म्हणतात. तरी विदर्भातून मोसमी पाऊस पुरता निघायला बहुतेक वर्षी ऑक्टोबरचा दुसरा आठवडा लागतो. नवरात्र ते कोजागिरी या दिवसांत रान हिरवंगार असतं, तळी भरलेली असतात आणि सीताफळं बाजारात आलेली असतात. त्याच दिवसांत दुपारी ३२-३४ अंशांचं ऊन पडतं, हवेत दमटपणा असतो, किडे असतात आणि संध्याकाळी एखादी गडगडाटी सरही येते. कॉटेजचे फोटो मात्र बहुधा डिसेंबर-जानेवारीतले असतात, कोरड्या हवेतले. म्हणून फोटो बाजूला ठेवा आणि खोली या हवेत कशी राहील ते आधी विचारा.

आधी जागा, मग खोली

सफारी करायची की नुसतं निवांत पडायचं, हे घरात आधी ठरवा. ताडोब्याचा कोअर (आतला मुख्य) भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो आणि १ ऑक्टोबरला उघडतो. दुसऱ्याच दिवशी गांधी जयंतीची सुट्टी येते, त्यामुळे हा आठवडा सगळ्यात गर्दीचा आणि महाग. मंगळवारी सफारी नसते, म्हणून रविवार-सोमवार धरून जाणाऱ्यांनी मुक्काम मंगळवारवर ढकलू नये.

सफारीवाल्यांनी आधी गेटचं बुकिंग करावं आणि मगच कॉटेज घ्यावं. बरेच जण नेमकं उलटं करतात. मोहर्ली गेटला चंद्रपूरकडून जातात, कोलाराला चिमूरकडून. नकाशावर दोन्ही जवळजवळ दिसतात, पण मधे जंगल आहे आणि बाहेरून घालावा लागणारा वळसा बराच लांबचा आहे. मुक्काम मोहर्लीत आणि सफारी कोलाऱ्याची असेल, तर पहाटेची झोप तर जातेच, वर गेटवर उशीरही होतो. ‘जंगलाला लागून’ या शब्दांवर विसंबू नका. ‘माझ्या गेटपर्यंत गाडीने किती मिनिटं, आणि पहाटे पाचला चहा मिळेल का?’ असं विचारा.

नुसता आराम हवा असेल तर चिखलदरा बरा. उंची १,११८ मीटर, म्हणजे नागपूरपेक्षा सुमारे ८०० मीटर जास्त, त्यामुळे हवा साधारण पाच अंशांनी थंड. पण तिथे पाऊसही भरपूर होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला खोल्यांमध्ये ओल उरलेली असते. दमा असलेलं कोणी सोबत असेल तर महिन्याचा दुसरा पंधरवडा धरा. तळ्याकाठी बसायचं असेल तर नवेगावबांध आहे, आणि मेळघाटात सिपना नदीवर वनविभागाचं कोलकासचं विश्रामगृह आहे. अशा सरकारी जागी सोयी साध्या असतात, पण नदी थेट समोर असते. आमच्या मते दोन रात्रींसाठी हा सौदा फार चांगला आहे.

छप्पर आणि भिंती

खोलीचं सुख इथे ठरतं, म्हणून यावर वेळ घाला.

*टिनाचं छत:* दुपारी बारा ते पाच भट्टी, आणि सर आली की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. खाली फॉल्स सीलिंग असेल आणि मधे हवा खेळायला फट असेल तरच घ्या.

*स्लॅब:* दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री सोडतो. वरच्या मजल्याची खोली रात्री अकरापर्यंत गरम लागते. खालची मागा.

*मातीच्या भिंती आणि कवेलू (कौलं):* या हवेला हेच सगळ्यात योग्य. दुपारी आत गारवा राहतो. मात्र कवेलूंच्या खाली ताटी, लाकूड किंवा कापडाचं छत ताणलेलं हवं, नाहीतर उंदीर, पाली आणि कधी विंचूही थेट गादीवर पडतो. भिंत जमिनीपासून फूटभर काळपट किंवा फुगलेली दिसली तर ओल चढली आहे असं समजा.

*लाकडी किंवा प्रीफॅब केबिन:* दिसायला देखणी. पावसाळ्यात लाकूड फुगतं, दारं चौकटीत अडकतात आणि कडी नीट बसत नाही. जंगलाकाठी कडी न बसणारं दार चालत नाही. केबिन जमिनीला टेकलेली नसावी, दीड-दोन फूट उंच जोत्यावर किंवा खांबांवर असावी. जमिनीला टेकलेल्या लाकडात ओल आणि उधळी (वाळवी) दोन्ही शिरतात.

*तंबू:* दसऱ्याच्या आधी नको. कॅनव्हास आणि गादी दोन्ही पुरती सुकलेली नसतात.

आता कूलर. ‘एसी नाही, पण कूलर आहे’ हे उत्तर मे महिन्यात चालतं. कूलर हवा गार करतो तो पाण्याची वाफ करून. हवेत आधीच ओलावा असला की वाफ होत नाही, नुसता दमटपणा वाढतो आणि अंग चिकचिक करतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कूलर निरुपयोगी. त्यापेक्षा समोरासमोर दोन खिडक्या आणि चांगला पंखा हवा, नाहीतर एसी. खिडक्या समोरासमोर आहेत का, हे आवर्जून विचारा. एकाच भिंतीला दोन खिडक्या असल्या तर वारा आरपार जात नाही.

वीज आणि पाणी

‘बॅकअप आहे’ यावर थांबू नका, कशाकशाला आहे ते विचारा. १५० एएचच्या एका बॅटरीवरचा इन्व्हर्टर दोन पंखे आणि तीन एलईडी दिवे पाच-सहा तास चालवतो. गिझर दोन किलोवॅटचा, एसी दीड किलोवॅटच्या आसपास. ते इन्व्हर्टरवर चालत नाहीत, त्यांना जनरेटर लागतो. बोअरचा पंपही विजेवरच. लाइन गेली की भरवसा वरच्या टाकीवर. माणशी दिवसाला शंभर लिटर धरा, म्हणजे चौघांना चारशे. चार खोल्यांना मिळून एकच हजार लिटरची टाकी असेल, तर सकाळी नऊनंतर अंघोळीला जाणाऱ्याचे हाल होतात.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न विदर्भात जागेनुसार बदलतो. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. अकोला, बुलढाणा आणि अमरावतीतल्या पूर्णा खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. पाणी उकळून जंतू मरतात, पण फ्लोराइड किंवा खार निघत नाही. त्यासाठी आरओच लागतो. चौघांच्या दोन दिवसांना ३० ते ३२ लिटर पिण्याचं पाणी लागतं, म्हणजे वीस लिटरचे दोन जार गाडीत टाकले की चिंता मिटली.

किडे, साप, आणि खोलीच्या फटी

कॉटेज धानाच्या बांधीला लागून असेल, तर ऑक्टोबरात संध्याकाळी दिव्यावर तुडतुड्यांचा ढग येतो. गोंदिया-भंडाऱ्याकडे हे ठरलेलंच. व्हरांड्यात पांढरी ट्यूबलाइट असली की ताटात किडे पडतात. पिवळा दिवा लावला आणि तोही दारापासून दूर ठेवला तर त्रास निम्म्यावर येतो. मालकाला आधी सांगितलं तर बदलून देतात.

खिडकीची जाळी चौकटीच्या कडेला उचकटलेली असते, मधे क्वचितच फाटते. फोटोत हे कधीच दिसत नाही. त्यासाठी दिवसाउजेडी व्हिडिओ कॉल करून चार गोष्टी दाखवायला सांगा: जाळीच्या कडा, दाराखालची फट, न्हाणीघराच्या मोरीची जाळी, आणि गादी उचलून तिची खालची बाजू. गादीखाली काळे-हिरवे ठिपके असतील तर ती बुरशी आहे, खोली नाकारा. दाराखाली करंगळी जाते एवढी फट असेल तर सापाचं पिल्लूही जातं. हे सगळं दाखवायला आढेवेढे घेणाऱ्याकडे बुकिंग करू नका.

झोपायला खाटच हवी. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही की सुजतही नाही. सकाळी पोट दुखणं, पापण्या जड होणं ही लक्षणं दिसेपर्यंत वेळ गेलेला असतो. ‘मुलांना खाली गादी टाकून देऊ’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा आणि जास्तीच्या खाटेचे पैसे द्या. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचलेल्या असल्या तर डासांसोबत मण्यारीपासूनही संरक्षण मिळतं. सर्पदंशावरचं इंजेक्शन (प्रतिविष) असलेलं जवळचं ग्रामीण रुग्णालय किती लांब आहे, हे बुकिंगआधीच विचारून ठेवा. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८.

शेवटचा एक किलोमीटर

गाड्या अडकतात त्या इथेच. रस्ता डांबरी आहे, मुरमाचा आहे की काळ्या मातीचा? काळी माती एका सरीत लोण्यासारखी होते आणि कार चाकाच्या अर्ध्यापर्यंत रुतते. ती बाहेर काढायला ट्रॅक्टर लागतो. वाटेत नाल्यावर रपटा, म्हणजे पुरात बुडणारा ठेंगणा पूल, आहे का, तेही विचारा. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. गुडघाभर वाहतं पाणीसुद्धा कार सरकवू शकतं. वनविभागाचा नाका लागत असेल तर तो किती वाजता बंद होतो ते माहीत असू द्या आणि उजेड असतानाच पोहोचा. मेळघाटात मोठ्या पट्ट्यात नेटवर्क नसतं, तेव्हा नकाशा आधी उतरवून घ्या आणि रोख पैसे बाळगा, कारण तिथे यूपीआय चालेलच असं नाही.

पैसे देण्याआधी

या गोष्टी मालकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या: खोलीचा क्रमांक किंवा प्रकार, जेवणाच्या वेळा आणि ताटाचा दर, जास्तीच्या खाटेचा दर, पावसाने रस्ता बंद झाला तर आगाऊ रकमेचं काय, आणि दर जीएसटीसह आहे का. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ७,४०० आणि ७,६०० मधला फरक म्हणूनच फक्त दोनशेचा राहत नाही. जेवण आधी सांगावं लागतं का, हेही विचारा. गावाकडच्या होमस्टेत पाटोडीचा रस्सा किंवा गोळाभात सकाळी सांगितला तर रात्री मिळतो. ऐन वेळी मागितलं तर मॅगीवर भागवावं लागतं.

पोहोचल्यावर

बॅगा गाडीतच ठेवून आधी खोलीत जा. दार आतून बंद करून कडी बसते का पाहा. सगळे दिवे-पंखे लावा, गिझर दहा मिनिटं चालवा, फ्लश करा, गादी उचला, खाटेखाली टॉर्च मारा. कुबट वास आला तर त्याच क्षणी खोली बदलून मागा. सामान लावून झाल्यावर कोणी बदलून देत नाही. रात्री दाराच्या फटीत आणि मोरीवर जुना टॉवेल दाबून ठेवा, बूट आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला.

अंधार पडल्यावर आवाराबाहेर पायी जाऊ नका. जंगलाकाठी वाघ-बिबट्याची भीती आहेच, पण वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) दुसराही धोका असतो. या दिवसांत पीक उभं असतं, आणि रानडुकरांपासून ते राखायला काही ठिकाणी बेकायदा तारेत वीज सोडलेली असते. अशा तारेला लागून माणसं मेली आहेत. चांदणं कितीही सुंदर असलं तरी ते अंगणातूनच बघा. गडगडाट सुरू झाला की मोठ्या झाडाखालून उठून आत या.

दिवसाही उंच गवतात बसणं, लोळणं टाळा. गवतातल्या चिगर नावाच्या बारीक किड्यामुळे स्क्रब टायफस हा तापाचा आजार होतो. विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यात त्याची मोठी साथ आली होती. पूर्ण बाह्या, मोज्यांत खोचलेली पँट, आणि परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे धुणं, एवढं पुरतं. घरी परतल्यावर एक ते तीन आठवड्यांत ताप आला, किंवा काखेत, जांघेत, कमरेशी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना आपणहून सांगा की आपण रानात राहून आलो आहोत. वेळेत ओळखला तर हा आजार साध्या औषधाने बरा होतो.