रायफल रीलोडिंग: पावडरींची तुलना कशी करावी

रीलोडिंग म्हणजे एकदा उडवलेल्या पितळी केसमध्ये (काडतुसाच्या कवचात) नवा प्रायमर (पावडर पेटवणारी टिकली), पावडर आणि बुलेट बसवणे. पावडर निवडताना सुरुवात केसपासून आणि बुलेटच्या वजनापासून करावी. नळीच्या भोकाच्या मानाने केस जितकी मोठी आणि बुलेट जितकी जड, तितकी सावकाश जळणारी पावडर लागते. २२३ रेमिंग्टन या काडतुसात हलक्या बुलेटसाठी एच ३३५ किंवा सीएफई २२३ ही पावडर चालते. ३०८ विंचेस्टरला व्हार्गेट, आयएमआर ४०६४ किंवा एच ४८९५, ६.५ क्रीडमोरला एच ४३५० आणि ३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या मोठ्या केसला एच ४८३१ किंवा एच १००० अशी साधारण पायरी आहे. मोठ्या केसमध्ये जलद पावडर घातली तर बुलेट फारशी पुढे सरकण्याआधीच दाब शिखर गाठतो. लहान केसमध्ये फार सावकाश पावडर घातली तर केस काठोकाठ भरूनही वेग मिळत नाही आणि नळीत न जळलेले दाणे उरतात.

जळण्याच्या वेगाचा तक्ता फक्त क्रम सांगतो, माप (केसमध्ये घालायचे पावडरचे वजन) सांगत नाही. तक्त्यात शेजारी असलेल्या दोन पावडरींची मापे एकमेकींना लावू नयेत. आयएमआर ४३५० आणि एच ४३५० यांची नावे सारखी असली तरी पावडरी वेगळ्या आहेत. माप नेहमी त्याच पावडरच्या आणि त्याच वजनाच्या बुलेटच्या छापील तक्त्यातूनच घ्यावे.

दाण्याचा आकार हाताळताना जाणवतो. लांब कांडीसारखे दाणे मेझरच्या (ठरलेले माप टाकणाऱ्या यंत्राच्या) ड्रममध्ये अडकून कापले जातात, कधी फनेलच्या तोंडाशी अडतात. मग एका केसमध्ये कमी आणि पुढच्या केसमध्ये जास्त पडते. अशी पावडर थोडी कमी टाकून ट्रिकलरने (थोडे थोडे दाणे सोडणाऱ्या साधनाने) वजनकाट्यावर पूर्ण करावी. एच ४८३१ एससी ही एच ४८३१चीच आखूड दाण्यांची आवृत्ती आहे आणि ती बरीच सुरळीत पडते. गोल दाण्यांची पावडर मेझरमधून सर्वांत नेमकी पडते, पण तिच्यावरच्या लेपामुळे ती पेटायला जड असते. म्हणून मापांच्या तक्त्यात मॅग्नम (जास्त जोरदार ज्वालेचा) प्रायमर सांगितला असेल तर तोच वापरावा.

बहुतेक गोल दाण्यांच्या पावडरींत नायट्रोसेल्युलोजबरोबर नायट्रोग्लिसरीनही असते. त्यामुळे तितक्याच वजनात जास्त ऊर्जा मिळते, पण ज्वाला अधिक तापते आणि चेंबरपुढचा (काडतूस बसते त्या पोकळीपुढचा) नळीचा भाग लवकर झिजतो. भर पडते ती हवामानाची. थंडीत वरच्या मर्यादेवर बसवलेला लोड (पावडर, बुलेट आणि प्रायमरची जुळणी) उन्हात मर्यादा ओलांडू शकतो. व्हार्गेट, एच ४३५०, एच ४८९५ आणि एच १००० यांच्यात हा फरक कमी राहतो. आमच्या मते वर्षभर नेमबाजी करणाऱ्याने मेझरच्या सोयीपेक्षा या गुणाला जास्त वजन द्यावे.

प्रत्यक्ष तुलनेत फक्त पावडर बदलावी; केसचा मेक, प्रायमर, बुलेट आणि ती केसमध्ये बसवण्याची खोली तीच ठेवावी. तक्त्यातल्या सुरुवातीच्या मापापासून निघावे. फक्त कमाल माप दिले असेल तर १० टक्के कमी घ्यावे. ३०८च्या आकाराच्या केसमध्ये ०.३ ग्रेनने (ग्रेन हे वजनाचे एकक) वर जावे आणि प्रत्येक पायरीला क्रोनोग्राफवर (बुलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग नोंदवावा. बोल्ट उचलायला जड जाणे, केसच्या बुडावर इजेक्टरची (केस बाहेर फेकणाऱ्या भागाची) चकाकी, चपटा झालेला प्रायमर यांपैकी काहीही दिसले की थांबावे. ही चिन्हे उशिरा दिसतात. म्हणून तितक्याच लांबीच्या नळीतून तक्त्यातल्या कमाल वेगापेक्षा जास्त वेग मिळाला, तरीही दाब जास्त आहे असेच धरावे.

उलट दिशेचा धोकाही खरा आहे. सावकाश पावडर सुरुवातीच्या मापाखाली नेली तर दाब अचानक उसळू शकतो. हलका लोड हवाच असेल तर एच ४८९५ घ्यावी. तिच्यासाठी हॉजडन कंपनीच तक्त्यातल्या कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरायला सांगते.

त्याच पावडरचा नवा लॉट (उत्पादनाची नवी खेप) उघडला की माप खाली आणून पुन्हा वर चढावे. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवावा आणि काम संपताच मेझरमधली पावडर तिच्याच मूळ डब्यात परत ओतावी. डबा उघडल्यावर आंबट, झोंबणारा वास आला किंवा तांबूस वाफ दिसली, तर ती पावडर वापरू नये.