एम.एस्सी.चा जीवशास्त्र प्रकल्प सोलापुरात कसा आखावा

विद्यापीठाच्या विभागात जीवशास्त्राचा प्रकल्प हाती घेणारा विद्यार्थी बहुधा आधी शीर्षक ठरवतो आणि ते काम कोणत्या महिन्यांत होऊ शकेल याचा विचार मागाहून करतो. सोलापुरात हा क्रम उलटा ठेवावा. येथे वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बराचसा सप्टेंबरमध्ये येतो, आणि माळावरचे पवन्या, कुसळी, मारवेल हे गवत पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलोऱ्यावर येते. प्रकल्पाचे काम मात्र पुष्कळदा जानेवारीनंतर जोर धरते. तोवर माळ वाळलेला असतो, आणि फुलोऱ्यावाचून गवताची जात ओळखणे जाणत्यालाही अवघड जाते. म्हणून ज्याला गवतावर काम करायचे आहे त्याने आदल्या पावसाळ्यातच नमुने गोळा करून वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवावेत आणि पहिले काही दिवस कागद रोज बदलावेत. दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचेही तसेच आहे. तो झँथोमोनास या जिवाणूमुळे होतो आणि पावसाळी दमट हवेत फैलावतो, त्यामुळे कोरड्या एप्रिलमध्ये बागा धुंडाळून फारसे हाती लागत नाही. हिवाळ्याचेच महिने मिळणार असतील तर एकरुख तलावावर येणाऱ्या स्थलांतरित पाणपक्ष्यांची गणती हा साधा आणि चांगला विषय आहे.

विषय ठरला म्हणजे प्रश्न ठरला असे नव्हे. ‘सोलापूर परिसरातील तलावांचा अभ्यास’ हा सरकारी अहवालाचा मथळा शोभेल. ज्या काठावर कपडे धुतले जातात तेथील पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन इतर काठांपेक्षा कमी असतो का, हा प्रश्न झाला. त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येऊ शकते, आणि ‘नाही’ आले तरी प्रकल्प वाया जात नाही.

हेच उदाहरण पुढे नेऊ, कारण बहुतेक चुका येथेच होतात. पाणी जितके तापते तितका ऑक्सिजन त्यात कमी मावतो: समुद्रसपाटीच्या दाबाला 20 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना सुमारे 7.5. शिवाय दिवसा शेवाळ प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन सोडते आणि रात्री सगळेच जीव तो वापरतात. तेव्हा एका काठाचे पाणी सकाळी आठला आणि दुसऱ्याचे दुपारी तीनला घेतले, तर मोजला जातो तो घड्याळातला फरक, धुण्याचा नव्हे. सर्व नमुने एकाच वेळी घ्यावेत, ते शक्य नसल्यास काठांचा क्रम दर फेरीला बदलावा, आणि पाण्याचे तापमान दर वेळी लिहावे. विरघळलेला ऑक्सिजन रसायने घालून मोजण्याची विंकलर पद्धत वापरायची असेल तर मँगनस सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड काठावरच बाटलीत सोडावे. बाटली काठोकाठ भरून बूच लावावे, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. तपकिरी साका बसला की ऑक्सिजन बांधला गेला. साका पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाही. साधे पाणी बाटलीत भरून, बसने विभागात आणून मग मोजलेल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

एकाच जागी बुडवून भरलेल्या तीन बाटल्या म्हणजे तीन नमुने नव्हेत. त्यांतून आपला हात किती स्थिर आहे एवढेच कळते. धुण्याचे तीन वेगळे घाट आणि धुणे नसलेल्या तीन वेगळ्या जागा घेतल्या तरच तुलनेला आधार मिळतो. मौखिक परीक्षेत हा प्रश्न विचारला जाण्याची वाट पाहू नये; आखणी करतानाच संख्याशास्त्र जाणणाऱ्या कोणाला तरी आराखडा दाखवावा.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काम करायचे असेल तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. हा अर्ज मार्गदर्शकांमार्फत पुष्कळ आधी करावा. अभयारण्याबाहेरचा माळ खासगी असेल तर मालकाला विचारावे. अशा माळाला लोक सर्रास ‘पडीक’ म्हणतात, काही जण तर तेथे झाडे लावून तो ‘सुधारू’ पाहतात; लांडगा, काळवीट आणि माळढोक यांना तोच उघडा माळ लागतो, हे प्रस्तावनेत स्पष्ट लिहावे.

नोंदवही बांधीव घ्यावी, सुटे कागद नकोत. काठावर पेन्सिलने लिहावे, कारण पाणी लागले तर शाई पसरते. चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नये, एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहावा. तारीख, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, आदल्या दिवशी पाऊस झाला होता की नाही, हे सारे त्याच पानावर असावे. वहीच्या पानांची छायाचित्रे त्याच संध्याकाळी काढून ठेवावीत, आणि प्रबंध सादर करताना मूळ वही विभागात जमा करून तिची प्रत स्वतःजवळ ठेवावी.