वेळ संपली, पण टाइप केलेले उत्तर मागे राहिले: या चुका टाळा

सी भाषेच्या प्रात्यक्षिकासाठी नाशिकच्या गंगापूर रोडवरील माझ्या वर्गात पाढ्यांच्या सरावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावर गुणाकार येतो, १० सेकंदांत उत्तर द्यायचे आणि वेळ संपली की लगेच पुढचा प्रश्न येतो. एका विद्यार्थिनीने ‘७ × ८’ चे ५६ हे उत्तर वेळेत टाइप केले, पण एंटर दाबायला तिला अकरावा सेकंद लागला. तोवर ‘९ × ६’ हा प्रश्न पडद्यावर आला होता, आणि प्रोग्रॅमने तिचे ५६ त्याचे उत्तर समजून चूक ठरवले. मुलीला पाढे येत होते. चूक प्रोग्रॅमची होती: मागे राहिलेले इनपुट, म्हणजे टाइप केलेली पण न वाचलेली अक्षरे, त्याने नव्या प्रश्नाआधी पुसली नव्हती.

यावर बहुतेक जण पहिला उपाय म्हणून ‘एफफ्लश’ या बफर (तात्पुरता साठा) रिकामा करणाऱ्या फंक्शनला ‘एसटीडीइन’ (प्रोग्रॅमचे इनपुट, सहसा कीबोर्ड) देतात, तो कृपया करू नका. सी भाषेच्या मानकात एफफ्लशचे काम आउटपुटसाठीच ठरवून दिलेले आहे. इनपुटवर ते वापरल्यास काय होईल याची मानक हमी देत नाही. दुसरा उपाय म्हणजे नवी ओळ मिळेपर्यंत एकेक अक्षर वाचणारे ‘गेटचार’ फिरवत राहणे. मागे काहीच उरले नसेल, तर हा लूप पुढच्या एंटरची वाट पाहत अडकतो आणि वेळेचे बंधन तिथेच मोडते.

लिनक्सवर ‘टीसीफ्लश’ या फंक्शनला ‘टीसीआयफ्लश’ (न वाचलेले इनपुट टाकून द्या) हा पर्याय देऊन टर्मिनलची रांग, म्हणजे वाचायची राहिलेली अक्षरे, रिकामी करावी. मात्र शिल्लक इनपुट दोन ठिकाणी असू शकते, आणि सर्वाधिक वेळ वाया जातो तो हे लक्षात न आल्याने: एक कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातील) रांग आणि दुसरा ‘स्कॅनएफ’, ‘एफगेट्स’ ही वाचनाची फंक्शने वापरतात तो लायब्ररीचा बफर. टीसीफ्लश आणि ठरावीक वेळ इनपुटची वाट पाहणारा ‘सिलेक्ट’ या दोघांनाही फक्त पहिली जागा दिसते. म्हणून अशा प्रोग्रॅममध्ये वाचन सर्वत्र, लायब्ररीचा बफर न वापरणाऱ्या ‘रीड’नेच थेट करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. इनपुट फाइलमधून येत असेल तर टीसीफ्लश अपयशी ठरतो, त्यामुळे इनपुट टर्मिनलमधूनच येते आहे याची आधी ‘इजएटीटीवाय’ने खात्री करून घ्यावी.

विंडोजवर ‘केबीहिट’ (न वाचलेली कळ शिल्लक आहे का, हे सांगणारे फंक्शन) खरे सांगत असेपर्यंत ‘गेटच’ने एकेक कळ वाचत राहावे. बाणाची कळ दोन संकेत पाठवते. एकदाच वाचल्यास दुसरा संकेत मागे उरतो.

रांग केव्हा रिकामी करायची, हेही महत्त्वाचे आहे. आम्ही ‘वेळ संपली’ असे दाखवून एक सेकंद थांबतो आणि नवा प्रश्न छापण्याच्या अगदी आधी रांग साफ करतो, म्हणजे उशिरा दाबलेले एंटरही त्यातच जाते. त्यानंतरही रिकामी ओळ आलीच, तर ती उत्तर मानली जात नाही. उरलेला वेळ तसाच चालू राहतो.