भूमिकेचा आवाज : तालमीपासून प्रयोगापर्यंतची तयारी

संहिता हातात आली की पहिल्यांदा पेन्सिल घ्यावी. लांब वाक्यांत श्वास घ्यायच्या जागी उभ्या रेघा माराव्यात. पात्र घाईचं असेल तर दूरदूर, बिचकणारं असेल तर दोन-तीन शब्दांवर. निम्मा आवाज इथेच सापडतो, कारण श्वास बदलला की बोलण्याची लय बदलते. मग स्वतःची पट्टी शोधावी. ओठ मिटून सहज 'हं' असा होकार द्या, तो स्वर साधारण तुमचा. भूमिकेसाठी त्याच्या दोन-तीन स्वर वर किंवा खाली जाणं पुरे. फार खाली दाबलेला आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचत नाही. फार वर धरलेल्याला भांडणाच्या प्रसंगात जागाच उरत नाही, कारण जोर वाढला की पट्टी आपोआप चढते.

सगळ्यात जास्त घसे बसतात ते म्हातारे आणि खलनायक करताना. घसा आवळून काढलेल्या घरघरीत स्वरतंतू एकमेकांवर घासून सुजतात आणि दुसऱ्या अंकात आवाज फाटतो. म्हातारपण बोलण्याच्या वेगातून दाखवा: श्वास लवकर संपू द्या, वाक्य अध्येमध्ये तुटू द्या, जबडा सैल सोडा. कुजबुजही नुसत्या हवेची नको. हलका स्वर ठेवून व्यंजनं टोकदार करा. किंकाळी रोज पूर्ण मारू नये, बहुतेक तालमींत तिची खूण पुरते.

शब्दफेक तपासायला एकाला शेवटच्या रांगेत बसवा आणि त्याला फक्त वाक्यांचे शेवट ऐकायला सांगा. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटी येतात. 'मी येणार नाही' मधला 'नाही' गिळला तर अर्थच उलटा होतो, आणि दमलेला नट नेमका तोच गिळतो. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो, भरलेल्यात माणसं आणि कपडे तो शोषतात; तेव्हा तालमीतला अंदाज थोडा वाढवून धरा. घट्ट पोशाख असेल तर तो घालूनच तालीम करा, कारण बरगड्या फुलल्या नाहीत तर श्वासाच्या रेघा बदलाव्या लागतात.

प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून थोडंथोडं पाणी. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, त्यामुळे विंगेतला शेवटचा घोट फक्त तोंड ओलं करतो. प्रवेशाआधी 15 मिनिटं राखून ठेवा: चार अंक मोजत श्वास आत, बारा अंक 'स्स्' करत बाहेर, ओठांची फुर्र, पेल्यातल्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत स्वर, गालांवर कंप जाणवेल असं गुणगुणणं, शेवटी भूमिकेतली पाच वाक्यं. खाकरायची इच्छा झाली तर आवंढा गिळा. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या टाळा, दुखणं कळत नाही आणि ताण वाढतो. प्रयोगानंतर पाच मिनिटं वरून खाली गुणगुणत आपल्या पट्टीवर परत या. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्या.